लढाईवर गेलेल्या चुलत आजोबांचा माग

प्रश्न : माझ्या आजोबांचे धाकटे भाऊ दुसऱ्या महायुद्धाच्या काळात महाड तालुक्यातील आमच्या गावातून पलटणीत भरती झाले आणि परत आले नाहीत. ते बर्मात पडले, असे घरात सांगतात. त्यांचा लष्करी वेशातील एक फोटो, एक गोल पदक आणि ‘इटली स्टार’ अशी अक्षरे असलेले ताऱ्याच्या आकाराचे पदक एवढेच आमच्याकडे उरले आहे. संगणकावर नावाने शोधले, तर त्याच नावाचे अनेक शिपाई निघाले. गावातले घर आता बंद आहे. शोधाचा आरंभ कोठून करावा?
— एक वाचक, ऐरोली

उत्तर : आरंभ नावापासून करू नये, नंबरापासून करावा. त्या काळच्या लष्करी कागदांत शिपायाची खरी ओळख त्याचा नंबर हीच असे. आपल्या सुदैवाने तो बहुधा आपल्या कपाटातच आहे. दुसऱ्या महायुद्धाची पदके ब्रिटिश शिपायांना नावाविना दिली गेली, परंतु हिंदी सैन्यातील शिपायांच्या पदकांवर नंबर, हुद्दा, नाव आणि दलाचे संक्षिप्त नाव उमटवलेले असे. गोल पदकाच्या कडेवर आणि ताऱ्याच्या मागच्या बाजूस भिंगाने पाहावे. पदक चिंचेने किंवा पितांबरीने घासून लख्ख करण्याचा मोह मात्र आवरावा, कारण असे वर्षानुवर्षे घासून अक्षरे पुसट झालेली पदके आम्ही पुष्कळ पाहिली आहेत. फोटोत टोपीवरचा किंवा खांद्यावरचा बिल्ला स्पष्ट असेल, तर त्याचाही दलाची खात्री करण्यासाठी उपयोग होईल.

घरातली आठवण आणि पदक यांत जो विरोध दिसतो, त्यात आम्ही पदकाच्या बाजूने आहोत. इटली स्टार हे पदक ११ जून १९४३ ते ८ मे १९४५ या काळात इटली आणि भूमध्य समुद्राच्या परिसरातील आघाडीवर असलेल्यांना मिळाले. ब्रह्मदेशातील लढाईसाठी बर्मा स्टार हे वेगळे पदक होते. कोकणातले पुष्कळ तरुण तेव्हाच्या पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीत होते आणि तिच्या पलटणी निरनिराळ्या आघाड्यांवर विखुरलेल्या होत्या. चौथी पलटण मार्च १९४४ मध्ये मणिपूरच्या सांगशाक येथे जपान्यांशी झुंजली, तर पहिली आणि तिसरी पलटण इटलीत लढली. माणगाव तालुक्यातील पळसगावचे नाईक यशवंत घाडगे, ज्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, ते १० जुलै १९४४ रोजी इटलीत पडले ते याच तिसऱ्या पलटणीतून. एकाच गावातले दोन तरुण दोन आघाड्यांवर गेले आणि घरोघरच्या सांगण्यात दोघेही ‘बर्मात’ गेले, असे सहज घडू शकते. अर्थात आपले चुलत आजोबा मराठा पलटणीतच होते, हेही गृहीत धरू नये. ते पायोनियर (रस्ते व मजुरीची कामे करणारे), सॅपर (लष्करी अभियंते) किंवा रसद पुरवणाऱ्या दलातही असू शकतील, आणि ते पदकावरूनच ठरेल.

नंबर हाती आला की युद्धात मृत्यू आलेल्या सैनिकांच्या कबरी व स्मारके सांभाळणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या संकेतस्थळावरील विनामूल्य सूचीत शोधावे. या सूचीत ३ सप्टेंबर १९३९ ते ३१ डिसेंबर १९४७ या काळात सेवेत असताना मृत्यू आलेल्यांची नोंद असते, आणि पुष्कळ नोंदींत पलटण, मृत्यूची तारीख, वडिलांचे किंवा पत्नीचे नाव आणि गावही मिळते. नावाने शोधायचेच असेल, तर इंग्रजी स्पेलिंगच्या साऱ्या तऱ्हा करून पाहाव्यात : जाधवचे ‘जाधाव’, ‘जाधाओ’, पवारचे ‘पोवार’, सावंतमधल्या ‘व’साठी कधी v तर कधी w. जिल्ह्याच्या जागी रायगड शोधू नये. ते नाव १९८१ मध्ये आले, त्यापूर्वी महाड कुलाबा जिल्ह्यात होते. आणखी एक गोष्ट आम्ही आवर्जून सांगतो. हिंदू शिपायांचे दहन होत असल्यामुळे त्यांच्या नावाची कबर सहसा नसते. त्यांची नावे इटलीत फोर्ली किंवा सांग्रो नदीजवळच्या दहन-स्मारकांवर आणि ज्यांचा देह सापडला नाही त्यांची कसिनो येथील स्मारकावर आहेत. तेव्हा ‘कबर नाही’ याचा अर्थ ‘नोंद नाही’ असा घेऊ नये.

मृत्यूची तारीख मिळाली की त्या दिवशी पलटण कोठे होती, हे युद्धाच्या छापील इतिहासांतून कळते. शिपायाच्या स्वतःच्या सेवापत्रिकेसाठी मात्र त्याच्या दलाच्या अभिलेख कार्यालयाला पत्र पाठवावे लागते : मराठा लाइट इन्फन्ट्रीसाठी बेळगाव, बॉम्बे सॅपर्ससाठी पुण्यातील खडकी, महार रेजिमेंटसाठी मध्य प्रदेशातील सागर. पत्रात नंबर, हुद्दा, वडिलांचे नाव, जुन्या जिल्ह्यासह गावाचे नाव आणि आपले नाते लिहावे, पदकाचा फोटो जोडावा आणि उत्तराला वेळ लागेल हे धरून चालावे. लंडनमध्ये कोणाला पैसे देऊन शोध करवून घेण्याची घाई मुळीच करू नये. तेथील ब्रिटिश लायब्ररीत जपलेली सेवापत्रे मुख्यतः अधिकाऱ्यांची आहेत. साध्या शिपायांचे कागद येथेच, दलांकडे राहिले.

येथपर्यंत झाला तो लष्करी भाग. माणूस म्हणून ते कोण होते, त्यांचे लग्न झाले होते का, त्यांच्या वाट्याच्या जमिनीचे काय झाले, याची उत्तरे महाडच्या तहसील कार्यालयातच मिळतील, आणि आमच्या मते हा भाग अधिक मोलाचा असूनही लोक तो शेवटी ठेवतात. गाव नमुना ६ म्हणजे फेरफार नोंदवही, ६-क म्हणजे वारस नोंदवही आणि १४ म्हणजे जन्ममृत्यूची नोंदवही, जिला कोतवाल बुक म्हणतात. अविभक्त कुटुंबातला मुलगा लढाईत गेल्यावर कधीतरी त्याचे नाव कमी करून वारसांची नावे चढवावी लागत, आणि त्या फेरफारात ‘मयत’ या एका शब्दाबरोबर पत्नीचे, मुलाचे किंवा भावाचे नाव येऊन जाते. अलीकडे कुणबी नोंदींच्या शोधामुळे या जुन्या वह्यांवरची धूळ झटकली गेली आहे आणि पुष्कळ ठिकाणी त्या स्कॅनही झाल्या आहेत, हा आपल्यासारख्यांना झालेला आयता लाभ. जुनी पाने मोडीत असल्यास मोडी वाचणारा जाणकार सोबत न्यावा.

पत्नी होती असे आढळल्यास तिचे माहेर शोधावे. तरुण विधवा पुष्कळदा माहेरी परतत, पेन्शनचे कागद त्यांच्याबरोबर जात आणि सासरच्या घरात त्यांची फक्त कुजबूज उरे. आपल्या घरात त्यांच्याविषयी कोणी फारसे बोलत नसेल, तर त्याचे कारण विस्मरणापेक्षा हेही असू शकेल. म्हणून वडीलधाऱ्या आत्यांना आणि चुलत्यांना हा प्रश्न जरा बेताने विचारावा. पेन्शनसंबंधी चौकशी ठाण्याऐवजी अलिबागच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात करावी, कारण कुटुंबाची नोंद झाली असेल तर ती गावाच्या जिल्ह्यात होण्याचाच संभव अधिक.

प्रश्न : माझे पणजोबा रत्नागिरी जिल्ह्यातले, दुसऱ्या महायुद्धात मालवाहू जहाजावर खलाशी होते आणि जहाज बुडाल्यावर त्यांचा ठाव लागला नाही. सैनिकांच्या यादीत त्यांचे नाव मिळत नाही.
— एक वाचक, कळवा

उत्तर : त्यांना पलटणींत शोधू नये. समुद्रात नाहीशा झालेल्या हिंदी नौसैनिकांची आणि व्यापारी जहाजांवरील खलाशांची नावे १९३९–४५ च्या एका स्मरणग्रंथात आहेत; त्याची एक प्रत मुंबईत मशीद बंदरजवळच्या खलाशांच्या वसतिगृहात आणि दुसरी चितगावला आहे. वर सांगितलेल्या कमिशनच्या सूचीतही ‘बॉम्बे/चितगाव’ या स्मारकाखाली ती नावे येतात. तेथे नाव मिळाल्यास नोंदीत जहाजाचे नावही असण्याचा संभव आहे, आणि जहाजाचे नाव कळले की ते कोणत्या तारखेला, कोठे आणि कशाने बुडाले, हे युद्धकाळातील जहाजांच्या छापील याद्यांवरून काढता येते. खलाशांची नावे त्या काळी एकेरी आणि आडनावाविना लिहिली जात, म्हणून पणजोबांच्या नावाबरोबर त्यांच्या वडिलांचे नाव आणि गाव पडताळल्याशिवाय ती नोंद त्यांचीच असे मानू नये.