आजोबांची पत्रं आणि वडिलांचे ईमेल जपून कसे ठेवावेत?

तुमचे दोन बेत दिसतात: पेटीतली पत्रं माणसांनुसार वेगळी करून लॅमिनेट करायची आणि दिवंगत वडिलांच्या जीमेलमधले महत्त्वाचे मेल छापून फायलीला लावायचे. कृपा करून दोन्ही थांबवा.

आधी माझा पराक्रम ऐका. सातवीत मला तिकिटं जमवायचा नाद होता. आमच्याकडे आलेली पत्रं माजघरात तारेच्या आकड्याला ओवलेली असायची. त्यातल्या आंतर्देशीय पत्रांची तिकिटं मी कात्रीने कापून घेतली. ते तिकीट कागदावरच छापलेलं, त्यामुळे पाठीमागचा मजकूरही गेला. आत्याच्या एका पत्रात नेमक्या त्या भोकापुढे ‘...ला मुलगी झाली’ एवढंच उरलंय. पण खरा फटका बसला शिक्क्यांचा. आजीच्या माहेरची पत्रं नुसती ‘मार्गशीर्ष शु. ५, गुरुवार’ अशी. साल होतं पोस्टाच्या शिक्क्यात, आणि शिक्का गेला तिकिटाबरोबर. जुन्या मराठेशाहीतल्या पत्रांतही पुष्कळदा तिथी किंवा चंद्र (म्हणजे मुसलमानी महिन्यातली तारीख) असतो, साल नसतं; मग जंत्री, म्हणजे जुन्या तारखांची कोष्टकं काढून, मजकुरातल्या घडामोडी ताडून ते ठरवत बसावं लागतं. मी तोच उद्योग घरच्या पत्रांवर ओढवून घेतला.

म्हणून पाकिटं फेकू नका आणि पेटीतला क्रम मोडू नका. कोणतं पत्र कशाशेजारी होतं, हीसुद्धा माहितीच असते. गठ्ठा सोडण्याआधी फोटो काढा, मग प्रत्येक पत्राच्या कोपऱ्यात शिसपेन्सिलीने बारीक नंबर घाला. माणसांनुसार यादी करायची ती वहीत किंवा एक्सेलमध्ये. गंजलेल्या टाचण्या हळूच काढा. फाटलेल्या जागी सेलोटेप नको. काही वर्षांनी टेप गळून पडते आणि पिवळा डाग कायमचा राहतो. लॅमिनेशन तर नकोच, ते परत सोडवता येत नाही. आम्लविरहित कागदाची पाकिटं घ्या आणि खोका कपाटात ठेवा. माळ्यावर उष्णता, ओल आणि कसर, तिन्ही असतात.

आता मेल. मेललाही पाकीट आणि शिक्का असतो. जीमेलमध्ये ‘शो ओरिजिनल’ दाबून बघा: कोणी, कोणाला, कितीला, कुठल्या सर्व्हरवरून, सगळं दिसेल. छापलं की यातलं बहुतेक जातं, अटॅचमेंटही जातात. स्वतःला फॉरवर्ड केलंत तर त्यावर आजचा शिक्का बसतो. त्यापेक्षा गूगल टेकआउटमधून (खात्यातलं सगळं उतरवून घ्यायची गूगलचीच सोय) सगळा मेल एकदम उतरवा. एमबॉक्स नावाची फाइल मिळते. ती मुळात साधा मजकूरच असते, थंडरबर्ड या मेल वाचायच्या प्रोग्रॅममध्ये उघडता येते. लेबलंसुद्धा तिच्यात नोंदलेली असतात. ड्राइव्हची नुसती लिंक पाठवलेली असेल तर ती फाइल मात्र त्यात नसते, ती वेगळी उतरवावी लागते. मूळ फाइलला हात न लावता दोन-तीन प्रती वेगवेगळ्या ठिकाणी ठेवा, त्यातली एक घराबाहेर. वर्षातून एकदा उघडून बघा.

हे मात्र या आठवड्यातच करा: वडिलांचं सिम बंद करू नका, ओटीपी त्याच नंबरावर येणार. पासवर्ड ठाऊक नसेल तर दिवंगत व्यक्तीच्या खात्यासाठी गूगलकडे वेगळा अर्ज करता येतो. कागदपत्रं मागतात, पासवर्ड देत नाहीत, पण मजकूर मिळू शकतो. आणि २ वर्षं न वापरलेलं खातं गूगल काढून टाकू शकतं, त्यामुळे वर्षश्राद्धानंतर बघू म्हणू नका.

पुढेमागे पत्रं छापायची असतील तर कागद तुमचा, पण मजकुराचा हक्क लिहिणाऱ्याचा, आणि त्याच्या निधनानंतर ६० वर्षं वारसांचा. त्यांना विचारून घ्या.