वाचकांचे प्रश्न: स्टॉकहोमला जाताय? जुन्या शहराला नीट वेळ द्या

युरोपच्या सहलींबद्दल प्रश्न पाठवा असं मागच्या अंकात म्हटलं होतं, तर स्टॉकहोमबद्दलच इतकी पत्रं आली की यावेळचं सगळं सदर त्यालाच दिलंय. मी तिथे बरीच वर्षं राहिलेय, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

ताई, जूनमध्ये आम्ही दोघं आणि सासूबाई (वय 68) निघालोय. सात दिवसांत कोपनहेगन, ऑस्लो आणि स्टॉकहोम असा प्लॅन केलाय, स्टॉकहोमला दीड दिवस मिळतोय. पुरेल का? – एक वाचिका, पुणे

नाही पुरणार. सात दिवसांत तीन राजधान्या म्हणजे अर्धा वेळ बॅगा भरण्यात आणि स्टेशन शोधण्यात जातो, त्यात सासूबाई बरोबर आहेत. एक शहर सरळ काढून टाका. कोपनहेगन आणि स्टॉकहोम ठेवलंत तर मध्ये थेट ट्रेन आहे, साधारण पाच तासांत पोचता आणि खिडकीतून स्वीडनची जंगलं, तळी बघायला मिळतात ते वेगळंच.

आता दीड दिवस का पुरत नाही ते सांगते. स्टॉकहोम 14 बेटांवर पसरलंय आणि त्यातल्या मधल्या बेटावर जुनं शहर आहे, गाम्ला स्तान. शहराचा लेखी उल्लेख 1252 पासून सापडतो. हा भाग इतका लहान आहे की वीस मिनिटांत एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला जाता येतं, आणि म्हणूनच लोक फसतात, दुपारी बारा वाजता वेस्टरलाँगगातान या दुकानांच्या गल्लीत शिरतात, गर्दीत धक्के खात मॅग्नेट घेतात, चौकात एक फोटो काढतात आणि झालं गाम्ला स्तान! असं नका करू प्लीज. जूनमध्ये तिकडे पहाटे साडेतीनलाच सूर्य उगवतो, आपल्याला तशीही तिथे लवकर जाग येते (उन्हाळ्यात स्वीडन आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असतं), तर सात वाजता बाहेर पडा. गल्ल्या रिकाम्या असतात, दुकानं बंद, आणि भिंतींचे ते पिवळे-तांबूस रंग कोवळ्या उन्हात बघायचे.

सुरुवात स्टोर्टोर्येट चौकापासून करा. लाल आणि पिवळ्या उंच घरांचा जो फोटो सगळीकडे दिसतो तो इथलाच. पण नुसता फोटो काढून जाऊ नका. नोव्हेंबर 1520 मध्ये डेन्मार्कचा राजा दुसरा क्रिस्तियान याने इथे राज्याभिषेक करून घेतला, मेजवान्या दिल्या, आणि मग पाहुणे म्हणून आलेल्या स्वीडिश सरदारांना, बिशपांना, शहरातल्या प्रतिष्ठितांना पकडून याच चौकात ठार मारलं, ऐंशीच्या वर माणसं. त्यात ज्याचे वडील गेले तो तरुण गुस्ताव वासा पुढे लोकांना उठवून लढला आणि 6 जून 1523 ला स्वीडनचा राजा झाला, आजही 6 जून हाच त्यांचा राष्ट्रीय दिवस आहे. हे माहीत असलं की त्या छोट्याशा चौकात उभं राहताना वेगळंच वाटतं.

तिथून दोन पावलांवर स्टोरशिर्कान हे मोठं चर्च. आत सेंट जॉर्ज आणि ड्रॅगनचं लाकडी शिल्प आहे, 1489 चं, ते अगदी जवळ जाऊन बघा. ड्रॅगनच्या अंगावर जे काटे उभे आहेत ती एल्क नावाच्या मोठ्या हरणाची खरी शिंगं आहेत! घोडा मागच्या पायांवर उठलाय, तलवार वर गेलीय, आणि खाली तो प्राणी तडफडतोय. डेन्मार्कविरुद्ध 1471 मध्ये मिळालेल्या विजयाची आठवण म्हणून हे करून घेतलं होतं. माझ्या मते अख्ख्या जुन्या शहरातली सर्वात भारी गोष्ट हीच, राजवाड्यापेक्षाही.

मग प्रेस्टगातान गल्लीने चालत या, कॉक्ब्रिंकेन जिथे मिळते त्या कोपऱ्यावर घराच्या भिंतीत व्हायकिंग काळातल्या लिपीचा दगड चक्क बांधकामाचा दगड म्हणून बसवलाय, शेजारी तोफेची जुनी नळीही रोवलीय. लोक समोरून निघून जातात, बघतही नाहीत. पुढे मोर्टेन ट्रोटसिगची गल्ली लागते, सर्वात अरुंद जागी 90 सेंटीमीटर, 36 पायऱ्या. सासूबाईंना तिथे चढवू नका, खालूनच बघू दे. त्यांना त्याऐवजी फिनिश चर्चच्या मागच्या अंगणात न्या, तिथे लोखंडाचा एक वीतभर मुलगा गुडघे पोटाशी धरून चंद्राकडे बघत बसलाय, उंची जेमतेम 15 सेंटीमीटर. थंडीत लोक त्याला विणलेली टोपी आणि मफलर घालून जातात. माझ्या आईने तर घरून लोकर नेली होती त्याच्यासाठी.

बूट मात्र चांगले घ्या, सगळीकडे गोल दगडांची फरसबंदी आहे, चपला-सँडलने पाय दुखून येतात.

माझा मुलगा दहा वर्षांचा आहे, जहाजांचं प्रचंड वेड. वासा म्युझियम खरंच एवढं चांगलं आहे का, की नुसती जाहिरात? – एक वाचक, कोल्हापूर

खरंच आहे. दुसरं काही जमलं नाही तरी चालेल पण हे चुकवू नका, आणि 18 वर्षांपर्यंत तिकीट नाही, त्यामुळे मुलाचा खर्चही नाही.

वासा ही राजा दुसरा गुस्ताव अडोल्फ याने बांधून घेतलेली युद्धनौका, 69 मीटर लांब, 64 तोफा. 10 ऑगस्ट 1628 ला पहिल्यांदा निघाली, लोक बघायला काठावर जमलेले, आणि जेमतेम 1300 मीटर गेल्यावर वाऱ्याच्या झोताने एका बाजूला कलली, तोफांच्या उघड्या झडपांतून पाणी आत आलं आणि बंदरातच बुडाली. तीसेक माणसं गेली. मुलाला यातली सर्वात महत्त्वाची गोष्ट आधीच सांगून ठेवा. निघण्याआधी जहाजाची चाचणी झाली होती, 30 खलाशांना डेकवर या बाजूकडून त्या बाजूला पळवलं, जहाज इतकं डोलायला लागलं की तिसऱ्या फेरीनंतर थांबवावं लागलं. म्हणजे वर वजन जास्त, खाली रुंदी कमी, हे कळलं होतं! पण राजा लढाईवर, तिकडून घाई करणारी पत्रं येतायत, मुख्य जहाजबांधणी करणारा डच कारागीर आदल्या वर्षीच वारलेला, मग थांबवणार कोण? नंतर चौकशी झाली, शिक्षा मात्र कुणालाच झाली नाही.

333 वर्षं ती पाण्याखाली होती. बाल्टिक समुद्राचं पाणी फार खारट नाही, त्यामुळे लाकूड पोखरणारा समुद्री किडा तिथे जगत नाही, म्हणून ती टिकली. 1956 मध्ये आंदेर्स फ्रांसेन यांनी तिला शोधलं, 24 एप्रिल 1961 ला वर काढलं. लाकूड वाळून तडकू नये म्हणून तिच्यावर पॉलिएथिलीन ग्लायकॉल या द्रवाचे फवारे 17 वर्षं मारत होते. आज जे समोर उभं आहे त्यातलं 98 टक्के मूळचं आहे.

आत गेल्यावर पहिले काही मिनिटं काहीच बोलू नका त्याच्याशी, बघू दे. अंधुक उजेड असतो, थोडं गारही असतं, स्वेटर ठेवा. मग मजल्यामजल्याने वर चढत जायचं, मागच्या बाजूला शेकडो कोरलेल्या मूर्ती आहेत, सिंह, योद्धे, राक्षसी तोंडं. आज सगळं काळपट तपकिरी दिसतं पण तेव्हा भडक रंगवलेलं होतं, रंगांचे कण सापडलेत आणि त्यावरून केलेली रंगीत प्रतिकृती तिथे ठेवलीय, ती दाखवा. सकाळी उघडताच जा, अकरानंतर टूरच्या बसेस येतात.

जाताना बसने जाऊ नका, जुन्या शहराला लागूनच असलेल्या स्लुसेनहून 82 नंबरची फेरी बोट पकडा, शहराच्या नेहमीच्या बस-मेट्रोच्या तिकिटावरच चालते. वेगळ्या महागड्या बोट टूरची गरजच नाही, दहा-पंधरा मिनिटांत पाण्यावरून सगळं जुनं शहर दिसतं. वासा म्युझियम ज्या युरगोर्देन बेटावर आहे त्याच बेटावर स्कान्सेन आहे, 1891 पासूनचं उघड्यावरचं संग्रहालय, देशभरातून जुनी घरं उचलून आणून मांडलीत आणि अस्वलं, एल्कसुद्धा आहेत. पोरगं थकलं नसेल तर दुपार तिथे काढा.

आई-बाबा (दोघंही सत्तरीचे, शाकाहारी) भावाकडे शिस्ताला (स्टॉकहोमचं उपनगर) दोन महिने चाललेत, तो तिथे आयटीत आहे. दिवसा तो ऑफिसला, हे दोघं एकटे फिरू शकतील का? बाबांचे गुडघे दुखतात. – एक वाचिका, नागपूर

हो, आरामात. शिस्तावरून मेट्रोची निळी लाइन थेट शहरात येते, सगळ्या मेट्रो स्टेशनांवर लिफ्ट आहे, आणि 65 च्या पुढच्यांना तिकीट सवलतीत मिळतं, हे भावाला आधी सांगा, बऱ्याच जणांना माहीतच नसतं. दोन महिने आहेत तर महिन्याचा पास काढून द्या. पावसाचा दिवस असेल तर नुसती मेट्रो स्टेशनंच बघत फिरा म्हणावं, 90 हून जास्त स्टेशनांवर चित्रं, शिल्पं आहेत, त्यांच्या निळ्या लाइनवर तर खडक तसाच ठेवून रंगवलाय. टी-सेंट्रालेनला पांढऱ्या खडकावर निळ्या वेली आहेत, आणि कुंग्सत्रेडगोर्देन स्टेशन तर गुहेत उतरल्यासारखं वाटतं.

पैशांचं महत्त्वाचं. तिथे युरो नाही, क्रोना चालतो, आणि नोटा तर बऱ्याच दुकानांत घेतच नाहीत, त्यामुळे दोघांच्याही खिशात चालणारं एकेक कार्ड हवं, एकाच्याच नाही. पिण्याचं पाणी नळाचं, बाटल्या विकत घेऊ नका. जेवणाचं म्हणाल तर शहरात शाकाहारी, व्हीगन सगळीकडे मिळतं, दुपारी साधारण अकरा ते दोन हॉटेलांत ठरावीक दरात लंच असतं, त्यात सॅलड, ब्रेड, कॉफी बहुतेक आलीच, रात्रीपेक्षा खूप स्वस्त. ऑर्डर देताना मासे आणि अंडंही चालत नाही असं स्पष्ट सांगायला शिकवा.

व्हिसा शेंगेन, 180 दिवसांत जास्तीत जास्त 90 दिवस. किमान 30,000 युरोचा मेडिकल इन्शुरन्स लागतो, आणि अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो, तर उन्हाळ्याच्या गर्दीत अडकू नका. पण या वयात 30,000 वर थांबू नका, जास्त कव्हर घ्या आणि बीपी-शुगर सगळं खरं लिहा फॉर्मवर, लपवलं तर क्लेमच्या वेळी अडचण येते.

डिसेंबरमध्ये गेलं तर नोबेलचा समारंभ बघायला मिळतो का? – एक विद्यार्थी, डोंबिवली

आत जाता येत नाही, ते निमंत्रितांसाठीच. 10 डिसेंबरला पारितोषिकं कोन्सर्टहूसेतमध्ये देतात आणि मेजवानी स्टाड्सहूसेत म्हणजे सिटी हॉलमध्ये असते. टागोर 1913 चं पारितोषिक घ्यायला स्वतः गेले नव्हते, पण सी. व्ही. रामन 1930 मध्ये याच शहरात येऊन घेऊन गेले. सिटी हॉल मात्र इतर दिवशी गाइडबरोबर बघता येतो, जिथे मेजवानी होते त्या ब्लू हॉलला निळा रंग नाहीच आहे, वास्तुविशारद राग्नार ओस्टबेरी यांना लाल विटाच इतक्या आवडल्या की रंग दिलाच नाही. वर सोनेरी हॉल आहे, 1 कोटी 80 लाखांहून जास्त मोझॅकचे तुकडे. स्टोर्टोर्येटवरच्या नोबेल संग्रहालयाच्या कॅफेत बसलास तर खुर्ची उलटी करून बघ, विजेत्यांनी खालच्या बाजूला सह्या केल्यात.

पण डिसेंबरमध्ये दुपारी तीनच्या आतच सूर्य मावळतो, तेव्हा बाहेरचं सगळं दहा ते दोनमध्ये उरक आणि संग्रहालयं नंतरसाठी ठेव. आणि जूनमध्ये जाणाऱ्या सगळ्यांसाठी, 19 ते 25 जूनच्या मधला जो शुक्रवार येतो तो त्यांचा मिडसमरचा सण, अर्धं शहर गावाला गेलेलं असतं, बरीच दुकानं-हॉटेलं बंद, तर त्या दिवसाचं खाणं आदल्या दिवशीच आणून ठेवा आणि स्कान्सेनला जाऊन फुलांच्या खांबाभोवतीचा नाच बघा.