‘प्रादेशिक समुद्र’ म्हणजे नक्की कोणाचा?

प्रश्न असा आला आहे : “स्पर्धा परीक्षांच्या एका मासिकासाठी पर्यावरणावर लेख लिहिला. त्यात ‘संयुक्त राष्ट्रांचा प्रादेशिक समुद्र कार्यक्रम १९७४ साली सुरू झाला आणि त्यात १४० हून अधिक देश आहेत’ असं वाक्य होतं. संपादकांनी समासात पेन्सिलीने लिहिलं, ‘प्रादेशिक समुद्र म्हणजे १२ सागरी मैल. तपासा.’ तपासलं, तर त्यांचंही बरोबर आणि माझंही बरोबर. मग लिहायचं काय?”

दोघांचंही बरोबर आहे, आणि घोळ नेमका तिथेच आहे. इंग्रजीत ‘टेरिटोरियल सी’ आणि ‘रीजनल सी’ अशा दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मराठीत येताना दोघींच्या अंगावर एकच सदरा चढवला गेला. पहिली म्हणजे एका देशाचा किनाऱ्यालगतचा पट्टा, १२ सागरी मैलांचा, म्हणजे सुमारे २२ किलोमीटरचा. तिथे त्या देशाची सत्ता चालते. दुसरी म्हणजे अनेक देशांचे किनारे ज्याला लागतात तो अख्खा समुद्र, आणि तो स्वच्छ राखायला त्या देशांनी एकत्र येऊन केलेली व्यवस्था. एकीत ‘हे माझं’ म्हणायचं आहे, दुसरीत ‘हे तुझ्या-माझ्यात आहे’ म्हणायचं आहे. एकाच शब्दाने जवळजवळ उलट अर्थ सांगायचे म्हटल्यावर पेन्सिल अडणारच.

‘प्रादेशिक’ हा शब्द मुळातच तीन घरचा पाहुणा. सकाळी आकाशवाणीवर ‘प्रादेशिक बातम्या’ लागतात त्या देशाहून लहान टापूच्या. ‘प्रादेशिक पक्ष’, ‘प्रादेशिक भाषा’ आणि आपली गाडी जिथे पासिंगला जाते ते ‘प्रादेशिक परिवहन कार्यालय’ ही सगळी त्याच माळेतली. रोजच्या मराठीत या शब्दाचं खरं घर हेच : राष्ट्राच्या खालची पायरी. ‘प्रादेशिक सेना’ म्हटलं की मात्र टेरिटोरियल आर्मी. तिथे प्रदेश म्हणजे देशाची भूमी. आणि ‘सार्क’चं लांबलचक नाव लिहिताना ‘दक्षिण आशियाई प्रादेशिक सहकार्य संघटना’ म्हणतो, तेव्हा हाच शब्द उडी मारून राष्ट्राच्या वरच्या पायरीवर जाऊन बसतो. देशाच्या आत, देशापुरता, देशापलीकडे. संदर्भाने भागतं म्हणून आपल्याला हे कधी बोचत नाही. आरटीओत उभं राहून कोणी सार्कचा विचार करत नाही.

समुद्राच्या बाबतीत मात्र संदर्भ मदतीला येत नाही, कारण दोन्ही अर्थ त्याच पाण्यात, त्याच कायद्यांच्या भाषेत, कधी कधी एकाच परिच्छेदात येतात. १९७६ हे सालच बघा. फेब्रुवारीत बार्सिलोनात भूमध्य समुद्राकाठच्या देशांनी प्रदूषण रोखण्याच्या करारावर सह्या केल्या. रीजनल सीजच्या कार्यक्रमातला हा पहिला करार. आज त्यात काठावरचे २१ देश आणि युरोपीय संघ आहेत. ग्रीस आणि तुर्कस्तान त्यात आहेत, इस्राएल आणि लेबनॉनही आहेत. त्याच १९७६ मध्ये भारताने आपला सागरी हद्दींचा कायदा केला : १२ मैलांपर्यंत सत्ता, २०० मैलांपर्यंत मासळी आणि खनिजांवर हक्क. आता ‘१९७६ साली प्रादेशिक समुद्राबाबत महत्त्वाचं पाऊल पडलं’ हे वाक्य घ्या. कोणतं पाऊल? दोन्ही. एक कुंपण घालण्याचं, दुसरं कुंपणापलीकडच्यांशी बोलण्याचं.

जरा आडवळण घेतो. ‘प्रदेश’ हा शब्द ‘दिश्’ या धातूवरचा. दिश् म्हणजे दाखवणं, बोट करणं. प्रदेश म्हणजे बोट दाखवून वेगळी केलेली जागा. याच धातूवरून संस्कृतात ‘प्रादेश’ असंही एक माप आहे : अंगठा आणि तर्जनी ताणली की मधे पडतं ते अंतर. होमाच्या समिधा ‘प्रादेशमात्र’ हव्यात, असं याज्ञिक सांगतात ते हेच. म्हणजे प्रदेश आयता सापडत नाही, कोणीतरी तो मापून किंवा दाखवून ठरवावा लागतो.

समुद्राच्या करारांत हे अगदी शब्दशः घडतं. १९७८ साली कुवेतमध्ये आठ देशांनी असाच करार केला : इराण, इराक, कुवेत, सौदी अरेबिया, बहारीन, कतार, संयुक्त अरब अमिराती आणि ओमान. पाणी कोणतं ते सगळ्यांना माहीत होतं, पण त्याला म्हणायचं काय? इराणच्या तोंडी ते ‘फारसचं’ आखात, पलीकडच्या काठावर ते ‘अरबी’ आखात, आणि या विशेषणावरून तिथे आजही डोकी तापतात. करार लिहिणाऱ्यांनी दोन्ही नावं गाळली. कराराच्या शीर्षकात आखाताचं नावच नाही. आत नुसतं ‘समुद्रक्षेत्र’ म्हटलं आणि ओमानच्या रास धर्बत अलीपासून इराणच्या रास अल-फस्तेहपर्यंत अक्षांश-रेखांशांनी रेघ ओढून दिली. पुढे या कामासाठी जी संघटना झाली तिच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरं ‘रोपमे’, म्हणून त्या पाण्याचं कागदोपत्री नाव झालं ‘रोपमे समुद्रक्षेत्र’. कोणत्याही नकाशावर न सापडणारं, कोणत्याही खलाशाच्या तोंडी नसलेलं, पण आठही देशांना चालणारं नाव. करारानंतर दोनच वर्षांनी त्यातले इराण आणि इराक आठ वर्षांच्या युद्धात उतरले, १९८३ मध्ये नौरूझच्या तेलक्षेत्रातलं तेल त्याच पाण्यात पसरलं. नाव मात्र टिकलं.

मराठीने हाच तिढा कधीच आणि बिनबोभाट सोडवला आहे, हे सांगितल्याशिवाय राहवत नाही. आपण विशेषणच लावत नाही. ‘धाकटा आखातात असतो’ म्हटलं की रत्नागिरीत कोणी ‘कुठल्या?’ असं विचारत नाही. खंबातचं आखात आपल्याला कितीतरी जवळचं, तरी नुसतं ‘आखात’ म्हणजे ते नव्हे.

कुवेत करारातल्या त्या रेघेमुळे आपल्या अरबी समुद्राचंही गंमतशीर झालं आहे. ओमानचा अरबी समुद्रावरचा किनारा रोपमेच्या क्षेत्रात जातो. इकडचा आपला किनारा ‘दक्षिण आशियाई समुद्र’ या कार्यक्रमात येतो. त्याची कृती योजना १९९५ साली नवी दिल्लीत मंजूर झाली, कारभार कोलंबोतून चालतो, आणि भारत, पाकिस्तान, श्रीलंका, बांगलादेश, मालदीव असे पाच देश त्यात आहेत. भूगोलाच्या पुस्तकात एक समुद्र, कागदावर वेगवेगळे ‘प्रदेश’. पावसाच्या तोंडावर कोकण-गोव्याच्या वाळूत डांबराचे गोळे येऊन पडतात, त्यांना अर्थात ही वाटणी माहीत नसते. अनवाणी चालून आलं की तळव्याला चिकटलेलं ते काळं रॉकेलच्या बोळ्याने पुसावं लागतं.

तर, पर्याय.

‘विभागीय समुद्र’ नको. विभागीय म्हटलं की आयुक्त आठवतात, आणि विभाग म्हणजे कुठल्यातरी मोठ्या गोष्टीचा पाडलेला भाग. ‘क्षेत्रीय’ हिंदीत चालतं. आपल्याकडे त्याला सरकारी पत्राचा वास आहे आणि ‘क्षेत्रीय कर्मचारी’ म्हणजे प्रत्यक्ष जागेवर फिरणारे. ‘आंतरराष्ट्रीय समुद्र’ तर साफ चूक, कारण त्याने कोणाच्याच हद्दीत नसलेला खुला समुद्र सुचतो.

मला स्वतःला ‘सामाईक समुद्र’ आवडतो. शब्द सातबाऱ्यावरचा आहे, शेतातून आलेला आहे. आमच्या गावी वाईकडे चार भावकींत एक विहीर आहे. उताऱ्यावर ‘इतर हक्कां’त ‘सामाईक विहीर, हिस्सा चार आणे’ अशी नोंद. मोटरची पाळी ठरलेली, वैशाखात गाळ काढायचा तर खर्च चौघांवर, आणि गाळ काढायच्या दिवशी एक जण हमखास लग्नाला गेलेला. एका वर्षी कोणीतरी फवारणीचा पंप विहिरीच्या काठावर धुतला. आठ दिवस गुरंसुद्धा त्या पाण्याला लावली नाहीत. त्या आठ दिवसांत ‘माझे चार आणे पाणी चांगलं आहे’ असं चौघांपैकी कोणालाही म्हणता आलं नाही. बार्सिलोना काय, कुवेत काय, करारांमागचं दुखणं हेच. ‘सामाईक’ म्हटलं की ते मराठी वाचकाला समजावून सांगावं लागत नाही, ‘प्रादेशिक’ म्हटलं की तळटीप लागते.

यावर वकील मंडळी हरकत घेतील, आणि ती रास्त आहे. कायद्यात सामाईक म्हणजे मालकी अविभक्त. भूमध्य समुद्र तसा कोणाच्या समाईकीत नाही. प्रत्येकाचा किनाऱ्यालगतचा पट्टा त्याचाच. तिथे सामाईक आहे ती पाण्याची अवस्था, मालकी नव्हे. म्हणून कराराचा मसुदा किंवा कायद्याचं पुस्तक भाषांतरित करत असाल तर ‘समुद्रप्रदेश’ घ्या. समास नुसता उलटा केला की अर्थ जागेवर येतो : समुद्राचा प्रदेश, प्रदेशाचा समुद्र नव्हे. जगात असे १८ समुद्रप्रदेश या व्यवस्थेत मोजले जातात, हे वाक्य नीट उभं राहतं. लेखात, बातमीत, वर्गात मात्र ‘सामाईक’ खुशाल वापरा.

दुसऱ्या बाजूलाही थोडी डागडुजी हवी. एका देशाच्या पट्ट्याला ‘प्रादेशिक समुद्र’ म्हणायची सवय पाठ्यपुस्तकांनी लावली. वर्तमानपत्रं मात्र ‘सागरी हद्द’ लिहितात आणि बंदरावरही ‘हद्द’च म्हणतात. ‘परराज्यातल्या बोटी आपल्या हद्दीत शिरल्या’ ही तक्रार कोणत्याही जेटीवर ऐका. हद्द हा शब्द भांडायला फार सोयीचा आहे, आणि १२ मैलांचा पट्टा हे मुळात भांडण मिटवायलाच आखलेलं प्रकरण. त्याला तोच शोभतो.

जाता जाता तुमच्याच लेखातल्या आणखी दोन जागा. ‘प्रादेशिक सहकार’ असं एके ठिकाणी झालं आहे. महाराष्ट्रात सहकार म्हणजे साखर कारखाना, दूध संघ आणि निवडणूक. देश एकमेकांशी करतात ते ‘सहकार्य’. दुसरं, ‘बार्सिलोना अधिवेशन’. कन्व्हेन्शनचं अधिवेशन करणारे तुम्ही पहिले नाही, पण वाचताना तिथे मंडप घातला होता असं वाटतं. ‘करार’ लिहा. आंतरराष्ट्रीय कायद्याचे अभ्यासक अधिक बारीक छटांचे शब्द वापरतात, मासिकाला ‘करार’ पुरतो.

संपादकांना परत पाठवायचं वाक्य मी असं करेन : “एकाच समुद्राच्या काठावरच्या देशांनी तो मिळून राखावा यासाठी संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने १९७४ साली ‘सामाईक समुद्रां’ची योजना सुरू केली (रूढ भाषांतर : प्रादेशिक समुद्र कार्यक्रम), आज तिच्यात १४० हून अधिक देश आहेत.” रूढ नाव कंसात ठेवायचं ते परीक्षार्थींसाठी, प्रश्नपत्रिकेत तेच येण्याची शक्यता जास्त.

आणि ‘सामाईक’ लिहिताना ‘ई’ लिहा. ‘सामायिक’ही बरोबर आहे, पण जैन वाचकाला त्याने ४८ मिनिटं समभावात बसायचं व्रत आठवेल.