पंधरा सेकंद गाजले, आता करारावर सही करायची का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: गाण्याचा पंधरा सेकंदांचा तुकडा रील्सवर चढला, नऊ लाख व्ह्यूज झाले आणि एका कंपनीने करार पाठवून "आठवड्याभरात सही करा, नाहीतर लाट ओसरेल" असं सांगितलंय.

सही करू नका. म्हणजे या आठवड्यात तरी नको. (आणि हो, अभिनंदन! ते आधी म्हणायला हवं होतं.)

त्या नऊ लाखांतल्या बहुतेकांनी रील पाहिली, गाणं मागे वाजत होतं. मी मिक्सिंग करतो, अधूनमधून लाइव्ह कार्यक्रमांतही कन्सोलवर बसतो. अशाच एका गाजलेल्या तुकड्याच्या गायकाचा कार्यक्रम होता. मुखडा आला तसे शेकडो मोबाईल वर गेले. अंतरा सुरू झाला, हात खाली. दुसऱ्या अंतऱ्याला तर पुढच्या रांगेतली माणसं मान खाली घालून आत्ताच काढलेलं शूटिंग बघत होती, आणि गायक बिचारा समोर गातोय! म्हणून व्ह्यूज बाजूला ठेवा. पूर्ण गाणं किती जणांनी शोधलं, किती जणांनी सेव्ह केलं, तुमचं दुसरं गाणं कोणी लावलं का, ते बघा. स्पॉटिफायवर ३० सेकंद ऐकल्याशिवाय प्ले धरत नाहीत. तुमचा तुकडा त्याच्या निम्मा आहे.

व्हायरलला काही किंमत नाही असं मात्र अजिबात नाही. फेब्रुवारी २०१३ मध्ये बिलबोर्ड या अमेरिकन संगीत मासिकाने गाजत्या गाण्यांच्या हॉट १०० यादीत यूट्यूबचे व्ह्यूज धरायला सुरुवात केली आणि त्याच आठवड्यात बावर या अमेरिकन संगीत निर्मात्याचं 'हार्लेम शेक' थेट पहिल्या क्रमांकावर आलं. ट्रॅक २०१२ चा. तो चढवला लोकांनी त्यावर केलेल्या अर्ध्या मिनिटाच्या वेड्यावाकड्या नाचांनी. पण त्यातले दोन आवाज परवानगी न घेता उचललेले होते. ट्रॅक गाजला आणि ते आवाज ज्यांचे होते ते हक्क मागत आले. तुमचा बीट, म्हणजे गाण्यामागचा तयार वाद्यांचा ट्रॅक, कुठून घेतलाय? नेटवरून स्वस्तात लायसन्स घेतलं असेल तर ती पावती आणि अटी आजच शोधून ठेवा. अमेरिकन रॅपर लिल नॅस एक्सने 'ओल्ड टाउन रोड'चा बीट ३० डॉलरला घेतला होता. त्यातही दुसऱ्या बँडचा सँपल (त्यांच्या रेकॉर्डिंगमधून उचललेला तुकडा) निघाला आणि श्रेय द्यावं लागलं. ते गाणं पुढे १९ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिलं, म्हणून निस्तरायला माणसं आणि पैसा होता. आपल्याकडे दोन्ही नसतात.

स्टुडिओत याचा परिणाम रोज दिसतो. "इंट्रो उडवा, मुखडा पाचव्या सेकंदाला आणा" हे आता ठरलेलं वाक्य. वर स्पीड वाढवलेलं व्हर्जनही हवं असतं, ज्यात चांगला भरदार आवाज कार्टूनमधल्या खारीसारखा चिरका होतो. मला ते आवडत नाही, पण करून देतो.

बड्या कंपन्याही या ॲप्सना बांधलेल्या आहेत. युनिव्हर्सल म्युझिकने जानेवारी २०२४ संपताना टिकटॉकचा करार वाढवला नाही, गाणी काढून घेतली, आणि मे महिन्यात पुन्हा हातमिळवणी केली.

आता करार. मास्टरचे (म्हणजे मूळ रेकॉर्डिंगचे) हक्क कायमचे मागितलेत की ठराविक वर्षांसाठी? पुढच्या गाण्यांवर पहिला हक्क त्यांचा, असं कलम बहुतेकदा मागच्या पानांत दडलेलं असतं. रिमिक्स आणि स्पीड-अप काढायला तुमची संमती लागेल का? आगाऊ रक्कम पुढच्या रॉयल्टीतून वळती होणार असेल तर ते बक्षीस नाही, उचल आहे.

तोवर गाणं डिस्ट्रिब्युटरमार्फत (गाणी ॲप्सवर पोचवणारी सेवा) स्वतःच पूर्ण रिलीज करा, आणि रीलमध्ये जे नाव फिरतंय तेच गाण्याला द्या. लोक त्या ओळीनेच शोधतात. तुम्ही काव्यात्म शीर्षक द्याल आणि ते भलत्याच कुणाच्या कव्हरवर जाऊन पोचतील.

हक्कांचं कलम नावं खोडून इथे टाका, मी वाचतो. सहीआधी वकिलाला दाखवायचंच आहे, पण त्याला नेमकं काय विचारायचं ते तरी ठरवू.