घरच्या एनएएसवरचे सगळे फोटो गायब झाले, रिकव्हरी सॉफ्टवेअर चालवू का?

नका चालवू. निदान आज तरी नका.

तुमचं म्हणणं थोडक्यात असं: जुन्या डेस्कटॉपवर ओपनमीडियाव्हॉल्ट (फाइल सर्व्हरसाठीची लिनक्सवरची सिस्टिम) टाकून घरचा फाइल सर्व्हर, म्हणजेच एनएएस, केलाय. सिस्टिम छोट्या एसएसडीवर, फोटोंसाठी ४ टीबीची डिस्क, आणि रोज रात्री आरसिंकने (फाइलींची नक्कल करणारा प्रोग्राम) दुसऱ्या डिस्कवर बॅकअप. काल संध्याकाळी लाइन गेली, आली, आणि 'फोटो' फोल्डर उघडला तर रिकामा. मोबाइलवरून नवे फोटो मात्र त्यात बिनबोभाट जाताहेत, म्हणजे डिस्क ठीकच असणार, असा तुमचा तर्क.

हा तर्कच मला खटकला. २०२१ च्या मे महिन्यात मीही हाच केला होता.

पुढचं वाचण्याआधी उठून दोन कामं करून या. एक, मोबाइलचं ऑटो अपलोड बंद करा, घरातल्या सगळ्यांच्या मोबाइलचं. दोन, रात्रीचा आरसिंक जॉब बंद करा. दुसरं जास्त महत्त्वाचं. तुमच्या जॉबमध्ये 'डिलीट' हा पर्याय लावलेला असेल (बहुतेकांचा असतो, कारण बॅकअप मूळ फोल्डरसारखाच हुबेहूब राहावा असं वाटतं), तर आरसिंकला मूळ फोल्डर रिकामा दिसेल आणि तो इमानेइतबारे बॅकअपही रिकामा करून ठेवेल. तुम्ही मुद्दाम पुसलंय की डिस्क जाग्यावर नाही, हे त्याला कळत नाही.

आता एकच आकडा बघा. विंडोजमध्ये त्या शेअरची (सर्व्हरवरून नेटवर्कवर दिसणाऱ्या फोल्डरची) ड्राइव्ह मॅप केलेली असेल तर तिच्यावर राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये एकूण क्षमता पाहा. ४ टीबीच्या डिस्कला विंडोज साधारण ३.६३ टीबी म्हणतं, त्याच्या जवळपास दिसायला हवं. त्याऐवजी शंभरएक जीबी दिसले, तर तुम्ही फोटोंच्या डिस्ककडे बघतच नाही आहात. तुम्ही एसएसडीकडे बघताय. फोटो कुठेही गेलेले नाहीत.

हे कसं होतं ते नीट समजून घ्या, कारण इथेच लोक घाबरून नको ते करून बसतात. नागपूरच्या महाल भागातल्या जुन्या वाड्यांत भिंतीला कोनाडा असायचा आणि कधी कधी त्याच्यावरच तसबीर टांगलेली असायची. तसबीर असली की तसबीर दिसते, कोनाडा दिसत नाही. लिनक्समध्ये डिस्क अशीच 'टांगलेली' असते. एसएसडीवर एक साधा रिकामा फोल्डर असतो, माउंट पॉइंट म्हणतात तो, आणि सुरू होताना सिस्टिम त्याच्यावर मोठी डिस्क चढवते. ती चढली नाही, तर फोल्डर तिथेच असतो, नाव तेच, पत्ता तोच, पण आत काही नाही. मोबाइलचं ॲप तर पत्ता बघतं. ते खुशाल कोनाड्यात फोटो टाकत बसतं. म्हणून 'नवे फोटो जाताहेत' हा डिस्क ठीक असल्याचा पुरावा होत नाही.

डिस्क न सापडूनही सिस्टिम सुरू होते याचं कारण एफएसटॅब फाइलमधला (सुरू होताना कोणती डिस्क कुठे चढवायची याची यादी) 'नोफेल' हा शब्द. ओपनमीडियाव्हॉल्ट तो स्वतःच घालतं. चांगल्या हेतूने घालतं: एक डिस्क रुसली म्हणून सगळा सर्व्हर अडून बसू नये.

माझी गोष्ट सांगतो, म्हणजे काय करू नये ते कळेल. तेव्हा माझ्याकडे डेस्कटॉप नव्हता, रास्पबेरी पाय हा तळहाताएवढा कॉम्प्युटर होता आणि त्याला यूएसबीची मोठी डिस्क. नागपुरातला मे, दुपार, कूलर घरघरतोय, आणि आईला बडनेऱ्याहून आलेल्या मावशीला टीव्हीवर ताईच्या लग्नाचे फोटो दाखवायचे होते. तेवढ्यात लाइन गेली. पायचा प्लग इन्व्हर्टरच्या बोर्डावर होता, डिस्कच्या ॲडॉप्टरचा साध्या बोर्डावर, हे मला तोवर माहीतच नव्हतं. इन्व्हर्टरवर जाताना पाय झटका खाऊन पुन्हा सुरू झाला, डिस्क मात्र मेलेलीच. लाइन आल्यावर टीव्ही लावला तर फोल्डर कोरा. आई म्हणाली, "अरे बाप्पा, सारे कुठं गेले?" आणि मी, मोठा कॉम्प्युटरवाला, शहाणपणा करून ताईकडच्या पेनड्राइव्हवरून सगळे फोटो त्याच फोल्डरमध्ये पुन्हा उतरवले. दिसायला लागले. आई खूश, मावशी खूश.

रात्री पाय अडखळायला लागला, कारण त्याचं ३२ जीबीचं कार्ड काठोकाठ भरलं होतं. रीस्टार्ट केला. या वेळी डिस्क चढली, जुनं सगळं परत आलं, आणि दुपारी उतरवलेल्या लग्नाच्या फोटोंतले जे फक्त पेनड्राइव्हवरच होते, ते गायब! पेनड्राइव्ह तोवर भाच्याने गाणी भरायला फॉरमॅट केला होता. भरीस भर म्हणजे मी पेनड्राइव्हवरचे फोटो उतरवण्याआधीच माझा आरसिंक चालून गेला होता, त्यामुळे बॅकअपची डिस्क धुऊन निघालेली. मूळ शाबूत आणि बॅकअप साफ, असं पहिल्यांदाच पाहिलं.

ते फोटो कोनाड्यात होते. तसबीर पुन्हा टांगली गेली आणि ते झाकले गेले. तुमचेही काल संध्याकाळपासूनचे मोबाइल फोटो असेच एसएसडीवर पडलेले असणार, आणि डिस्क चढली की ते दिसेनासे होतील. तेव्हा पुन्हा दचकू नका. एक तर डिस्क चढवण्याआधीच ते दुसरीकडे हलवून घ्या, किंवा नंतर मूळ फाइल सिस्टिमला, म्हणजे एसएसडीवरच्या फोल्डरांच्या अख्ख्या मांडणीला, दुसऱ्या एखाद्या रिकाम्या फोल्डरवर 'बाइंड' माउंट करा. त्या वाटेने आत गेलं की तसबिरीमागचा कोनाडा दिसतो. मला दुसरी युक्ती दोन दिवसांनी कळली. ते दोन दिवस घरात कोणी माझ्याशी धड बोललं नाही.

आता तुमची डिस्क चढली का नाही, ते बघू. ओपनमीडियाव्हॉल्टच्या पानावर स्टोरेजमध्ये आधी 'डिस्क्स' उघडा. यादीत ४ टीबीची डिस्कच नसेल तर प्रश्न वायरचा, वीजपुरवठ्याचा किंवा खुद्द डिस्कचा आहे. सर्व्हर रीतसर बंद करा, साटा केबल (डिस्कची डेटाची वायर) आणि पॉवरचा कनेक्टर दोन्हीकडून काढून पुन्हा घट्ट बसवा, सुरू करा आणि कान लावा. एकसारखा गुणगुणल्यासारखा आवाज ठीक. ठराविक अंतराने टकटक येत असेल तर तिथेच बंद करा आणि पुन्हा पुन्हा सुरू करून बघण्याचा मोह आवरा. ती डिस्क जाणकाराकडे द्यायची, घरी खेळायची नाही.

डिस्क यादीत दिसतेय पण 'फाइल सिस्टिम्स'मध्ये ऑनलाइन नाही, हा त्यातल्या त्यात बरा प्रकार. लाइन अचानक गेल्याने फाइल सिस्टिम अर्धवट अवस्थेत राहिलेली असू शकते. ईएक्सटी४ (लिनक्सची नेहमीची फाइल सिस्टिम) ची जर्नल, म्हणजे अर्धवट कामांची नोंदवही, बहुतेक वेळा आपोआप निस्तरते. नाहीच निस्तरली तर एफएसचेक, म्हणजे फाइल सिस्टिम तपासून दुरुस्त करणारा प्रोग्राम, चालवावा लागतो. पण त्याआधी स्मार्टचा अहवाल (डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते ती नोंद) बघाच. त्यात ५ क्रमांकाची ओळ, म्हणजे बदलून टाकलेले सेक्टर (डिस्कवरचे साठवणीचे छोटे तुकडे), आणि १९७ क्रमांकाची, म्हणजे वाचता न येणारे आणि निकालाची वाट बघणारे सेक्टर. दोन्हींचा मूळ आकडा (रॉ व्हॅल्यू) शून्य असेल तर खुशाल एफएसचेक चालवा. १९७ शून्याच्या वर असेल, त्यातून वाढत असेल, तर आधी डीडीरेस्क्यूने (बिघडत्या डिस्कची नक्कल घेणारा प्रोग्राम) अख्ख्या डिस्कची दुसऱ्या डिस्कवर नक्कल घ्या आणि दुरुस्ती नकलेवर करा. आजारी डिस्कवर एफएसचेक म्हणजे तापाच्या माणसाला पळायला लावणं. दुरुस्तीनंतर काही फोल्डर कमी वाटले तर 'लॉस्ट अँड फाउंड'मध्ये डोकवा. नाव हरवलेल्या फाइली तिथे नुसत्या आकड्यांच्या नावाने पडून असतात.

समजा क्षमता ३.६३ टीबीच्या जवळपास दिसली, तरी फोटो नाहीत. मग वापरलेली जागा बघा. ती पूर्वीइतकीच असेल तर फाइली डिस्कवर आहेत, तुम्हाला दिसत नाहीत एवढंच. सगळ्यात नेहमीचं कारण अगदी साधं असतं: कोणीतरी माउसने फोल्डर धरून शेजारच्या फोल्डरमध्ये नकळत सोडलेला असतो. आमच्या ऑफिसात महिन्यातून एकदा हे होतंच. सर्व्हरवर नावाने शोधा. दुसरं कारण परवानग्या. सांबात (विंडोजला सर्व्हरचे फोल्डर दाखवणारा प्रोग्राम) 'हाइड अनरीडेबल' लावलेलं असेल तर ज्या फाइली वाचायची तुम्हाला परवानगी नाही त्या तुम्हाला दिसतही नाहीत, चूक म्हणूनही दिसत नाहीत. लॅपटॉप वेगळ्याच युजरने लॉगिन झाला की अर्धं घर रिकामं. जागा कमी झाली असेल तर फाइली पुसल्या गेल्यात. नेटवर्कवरून पुसलेली फाइल विंडोजच्या रिसायकल बिनमध्ये येत नाही, हे लक्षात घ्या. शेअरवर सांबाचा रिसायकल बिन चालू असेल तर तिथेच, टिंबाने सुरू होणाऱ्या लपलेल्या फोल्डरात सापडेल. सापडली नाही, तरच रिकव्हरी सॉफ्टवेअरचा विचार. आणि तेही डिस्क काढून, दुसऱ्या कॉम्प्युटरला लावून, सापडलेलं तिसरीकडे उतरवत.

एक खास मराठी भानगडही सांगून ठेवतो. 'चिखलदऱ्याची सहल' असा फोल्डर मी केला होता आणि शोधला की सापडायचा नाही. डोळ्यांसमोर असताना! यातला 'ऱ्या' तीन तऱ्हांनी लिहिला जातो: एक अखंड ऱ, दुसरा र आणि खाली नुक्ता असा फोडलेला, तिसरा र, हलन्त आणि मध्ये न दिसणारं जोडचिन्ह. पडद्यावर दिसायला सारखेच, लिनक्सच्या लेखी मात्र तीन वेगळी नावं. जुन्या मॅकच्या डिस्कवर नाव फोडून ठेवलं जायचं, मोबाइलचा कीबोर्ड आणखी तिसरंच काही टाकतो. म्हणून कधी एकाच नावाचे दोन फोल्डर दिसतात आणि फोटो नेमके दुसऱ्यात असतात. शोधताना नुसतं 'चिखल' टाका.

डिस्क परत चढली आणि सगळं जाग्यावर आलं की आरसिंक चालू करण्याआधी त्या स्क्रिप्टमध्ये 'माउंटपॉइंट' कमांडने तपासणी घाला: डिस्क चढलेली नसेल तर पुढे जायचंच नाही. शिवाय 'मॅक्स-डिलीट'ची मर्यादा लावा. आणि एकदा डिस्क उतरवून त्या रिकाम्या कोनाड्यावर 'चॅटर' कमांडने न बदलण्याचा शिक्का मारा. डिस्क नेहमीसारखी चढते, पण ती नसताना कोणी तिथे काही लिहायला गेलं की सिस्टिम चूक दाखवते. मी हे केल्यापासून मोबाइल ॲप ओरडतं, आणि ते ओरडलं की मला कळतं.

विजेचं म्हणाल तर, इन्व्हर्टरवर यूपीएस आणि नॉर्मल असा खटका असेल तर तो बघा. नॉर्मलवर असेल तर लाइनवरून बॅटरीवर जायला जरा जास्त वेळ लागतो. पंख्याला कळत नाही, कॉम्प्युटरला कळतं. मी सर्व्हर आणि डिस्क दोन्हींसाठी छोटा वेगळा यूपीएस घेतला, ओपनमीडियाव्हॉल्टचं 'नट' प्लगइन (यूपीएसवर लक्ष ठेवणारं) त्याला जोडलं, आता बॅटरी उतरली की सर्व्हर स्वतःच नीट बंद होतो. सर्व्हर माळ्यावर असेल तर खाली आणा. नागपुरात वरच्या मजल्यावर मे महिन्यात माझी डिस्क ५८ अंशांवर गेली होती, आणि घरगुती डिस्कची मर्यादा बहुधा ६० असते. कूलरच्या थेट झोतातही ठेवू नका, ती हवा ओली असते.

तर आधी क्षमतेचा आकडा पाहा आणि खाली लिहा. स्मार्टमधला १९७ चाही. तोवर डिस्कवर काही लिहू नका.