"मी सिद्ध झालेच नाही"

फेब्रुवारी संपत आला की माझ्या खोलीबाहेरच्या बाकावरचं दृश्य बदलतं. एरवी मुलांच्या हातात नुसता मोबाइल असतो. आता मांडीवर स्पायरल केलेले कच्चे प्रोजेक्ट आणि रबर लावलेले प्रश्नावल्यांचे गठ्ठे दिसू लागतात. मी साताऱ्यात समुपदेशन करते आणि आठवड्यातले दोन दिवस एका कॉलेजात बसते. या दिवसांत आत येणाऱ्या मुलांचं पहिलं वाक्य जवळपास ठरलेलं असतं: "मॅडम, माझ्या प्रोजेक्टमधून काहीच निघत नाहीये."

शाखेप्रमाणे वाक्याचा वेश तेवढा बदलतो. मायक्रोबायोलॉजीचा मुलगा सांगतो, जिवाणू वाढवायच्या प्लेट्स तिसऱ्यांदा कंटॅमिनेट झाल्या. स्टॅटिस्टिक्सच्या मुलीची पी-व्हॅल्यू (निकाल ग्राह्य धरायचा की नाही, हे ज्यावरून ठरवतात तो आकडा) ०.०५ च्या खाली उतरत नाही, आणि घरात कुणाचा ताप उतरत नसावा अशा आवाजात ती ते सांगते. इतिहासवाल्याला कागद सापडलेत, पण ते मोडी लिपीत आहेत. इंजिनिअरिंगच्या चौघांत एकच राबतोय आणि उरलेले तिघे म्हणतायत, पुण्यात तयार करून मिळतो, घेऊन टाकू. मराठीची एक मुलगी विचारत होती, "आजीच्या जात्यावरच्या ओव्या गोळा केल्यात, पण गृहीतक म्हणून काय लिहू?" तिचा प्रश्न मला सगळ्यांत रास्त वाटला. उद्दिष्टे, गृहीतके, संशोधन पद्धती, निष्कर्ष असा एकाच मापाचा गणवेश आपण सगळ्या शाखांना शिवून ठेवलाय. तो ओवीला कसा बसणार?

पूर्वी हे दुखणं फार नव्हतं, कारण प्रोजेक्ट कुणी मनावर घेत नसे. पर्यावरणाचा प्रोजेक्ट मागच्या वर्षीच्या मुलाकडून आणायचा, पहिलं पान बदलायचं, जमा करायचा. २०२० च्या शैक्षणिक धोरणानंतर ते बदलत चाललंय. पदवीच्या मधल्या वर्षांतच फील्ड प्रोजेक्ट आला. चौथं वर्ष संशोधनासह करायचं तर पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के हवेत आणि त्या वर्षात १२ क्रेडिटचा प्रबंध लिहायचा. शिवाय विद्यापीठांची 'आविष्कार' ही संशोधन स्पर्धा आहेच. थोडक्यात, वीस वर्षांच्या मुलांना आता खरोखर संशोधन करायला सांगितलं जातंय. फक्त संशोधनात बरेचदा आपण धरून चाललो तसं निघत नाही, एवढंच त्यांना कुणी सांगितलेलं नाही.

रेवतीची गोष्ट तिला विचारूनच लिहितेय. नाव आणि काही तपशील बदललेत.

ती प्रोजेक्टसाठी आली नव्हती, झोप लागत नाही म्हणून आली होती. टीवाय बीए, अर्थशास्त्र. वडील टेम्पो चालवतात, आई गावातल्या बचत गटात आहे. घरातून कॉलेजपर्यंत आलेली ही पहिलीच. विषय तिनं स्वतः निवडला होता: 'बचत गट आणि ग्रामीण महिलांचा कर्जबाजारीपणा'. गृहीतकही साधं होतं. गटात आलेल्या बायकांवर बाहेरचं कर्ज कमी असतं. दोन गावं, ६० बायका. निम्म्या गटातल्या, निम्म्या गटाबाहेरच्या.

"मग काय दिसलं?"

"उलटंच दिसतंय मॅडम. गटातल्या बायकांचीच जास्त ठिकाणी देणी आहेत. गटाचं कर्ज आहे, वर फायनान्सवाल्यांचं आहे. दर आठवड्याला हप्ता. एकीकडच्या हप्त्याला दुसरीकडून उचलतात."

मी ऐकतच राहिले. इतकं चांगलं काही मी बऱ्याच दिवसांत ऐकलं नव्हतं. ती मात्र बोटं मोडत, खाली बघून सांगत होती. गाइड म्हणाले होते, "गृहीतक सिद्ध व्हायला पाहिजे, नाहीतर व्हायव्हाला अडचण येते." मैत्रीण म्हणाली होती, "आकडे थोडे इकडेतिकडे कर, कोण बघतंय?"

दुसऱ्या भेटीत मी एक चूक केली, तीही सांगून टाकते. मला इरावती कर्व्यांची गोष्ट फार आवडते. १९२० च्या दशकाच्या अखेरीस त्या बर्लिनला पीएचडी करत होत्या. मार्गदर्शक ऑयगेन फिशर. गोऱ्या वंशाचं श्रेष्ठत्व कवटीच्या ठेवणीत दिसतं, अशी त्याची धारणा. बाईंनी दीडशेच्या आसपास कवट्या मोजल्या आणि लिहून टाकलं की वंशाचा आणि त्या ठेवणीचा तसा काही संबंध दिसत नाही. परक्या देशात, मार्गदर्शकाच्या मताविरुद्ध! हे मी रंगवून सांगितलं. रेवतीनं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मॅडम, पण त्या इरावती कर्वे होत्या."

थोरांची उदाहरणं खचलेल्या माणसाला वर काढत नाहीत, आणखी एक उंची दाखवून जातात. इतक्या वर्षांच्या कामानंतरही मला हे अधूनमधून नव्यानं शिकावं लागतं. पालकांनी आणि प्राध्यापकांनीही हे जरूर लक्षात ठेवावं.

तिसऱ्या भेटीत तिनं पिशवीतून एक गठ्ठा काढून टेबलावर ठेवला, हात मात्र त्याच्यावरच ठेवला.

"यातल्या अकरा बायका मी घरी बसून बनवल्यात."

४९ फॉर्म खरे होते. पुढच्या बायका उसाच्या तोडणीत, लग्नसराईत भेटेनात. मग एका रात्री तिनं उरलेले ११ स्वतःच भरले. निळं पेन, काळं पेन, भावाचं जेल पेन. दोन फॉर्म डाव्या हातानं. "नावं पण दिली मॅडम त्यांना. एकीला तर मुलं किती, तेही ठरवलं." अकराही जणी गटातल्या होत्या आणि अकराही जणींवर बाहेरचा एक रुपया नव्हता.

"आणि तरीसुद्धा," ती आता रडत होती, "एवढं करूनसुद्धा आकडा फिरत नाहीये. मी सिद्ध झालेच नाही मॅडम."

मी काहीच बोलले नाही. समोरच्या कागदावर तिचं शेवटचं वाक्य जसंच्या तसं लिहिलं आणि कागद तिच्याकडे फिरवला. "मराठीच्या बाईंसारखं तपास बघू."

तिनं डोळे पुसले, वाचलं. पुन्हा वाचलं. "ते… गृहीतक सिद्ध झालं नाही, असं म्हणायचं होतं मला."

"मग तसं दुरुस्त कर."

तिनं 'मी' खोडला, वर 'गृहीतक' लिहिलं. 'झालेच'चं 'झालं' केलं. पेन बराच वेळ त्या अनुस्वारावर रेंगाळलं. मग ती हसली. रडताना हसू फुटतं ना, तसं.

"आणि या सगळ्यात मी कुठंय?" मी विचारलं. "खोडलेला 'मी' गेला कुठे?"

थोडा वेळ गेला. "मी एकोणपन्नास घरांत जाऊन आले," ती म्हणाली.

त्या दिवशी मला फारसं काही करावं लागलं नाही. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ डॉ. अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ मानसोपचार पद्धतीनं काम करणारी मी. आपल्याकडे ती कि. मो. फडके यांनी रुजवली. तिच्या मुळाशी एक साधी गोष्ट आहे: माणसाची कृती तपासा, तिला मार्क द्या, हवं तर नापास करा, अख्ख्या माणसाला मार्क देऊ नका. हे वर्षानुवर्षं समजावून सांगत आले. पण मराठी क्रियापद ते किती सहज दाखवून देतं, हे मला त्या कागदावर दिसलं. 'झाले' की 'झालं', कर्ता कोण आहे ते शेपटावरून कळतं. तेव्हापासून मी प्रत्येक मुलाच्या वाक्याचं शेपूट ऐकते. "मी फेल गेलो" म्हणणाऱ्या मायक्रोबायोलॉजीच्या मुलाला विचारते, फेल कोण गेलं? प्लेट की तू? ही युक्ती कुठल्या पुस्तकातली नाही, माझीच आहे, असं म्हणायला हरकत नसावी.

अर्थात त्या अकरा जणींचं काय करायचं, हा प्रश्न व्याकरणानं सुटत नव्हता. मी तिला खोटं माफ केलं नाही. माफ करणारी मी कोण? एवढंच म्हटलं की ही कृती वाईट आहे आणि ती अजून मागे घेता येते. नक्कल पकडायला सॉफ्टवेअर आहे, १० टक्क्यांच्या वर साम्य गेलं की विद्यापीठ अनुदान आयोगाचे नियम लागू होतात. पण बनवलेली बाई कुठलंच सॉफ्टवेअर पकडत नाही. ती फक्त रात्री उठवते. रेवतीची झोप कुठे गेली होती, हे आम्हा दोघींनाही आता कळलं होतं.

तिनं ते ११ फॉर्म फाडले. नमुना ४९ चा केला आणि 'संशोधनाच्या मर्यादा'मध्ये ११ जणी का भेटू शकल्या नाहीत, ते दोन ओळींत लिहिलं. गाइडना काय सांगायचं, याची आम्ही रंगीत तालीम केली. अशा वेळी मुलं एकतर गप्प राहतात, नाहीतर "सर, माझा प्रोजेक्ट चुकला" म्हणतात. दोन्हीनं सरांच्या हातात काहीच पडत नाही. मी तिला नेमका प्रश्न विचारायला लावलं: "सर, गृहीतक नाकारलं गेलंय. निष्कर्षाचं प्रकरण कसं मांडू?" याला उत्तर देणं भाग पडतं. सर थोडे वैतागले, पण मग म्हणाले, कर्ज कुठून कुठे फिरतं याचा एक तक्ता टाक. गाइडच्या हाताखाली एकाच वेळी पुष्कळ मुलं असतात. 'सिद्ध झालं पाहिजे' हे त्यांच्याही तोंडी सवयीनं आलेलं असतं.

बाकीच्यांसाठी, ज्यांची माझ्याशी गाठ पडणार नाही त्यांच्यासाठी, थोडं. पहिल्या दिवसापासून एक वही ठेवा. आज कुठे गेलो, कोण भेटलं, कोण भेटलं नाही, प्लेट कधी बिघडली, कागद का वाचता आला नाही. शेवटी निकाल हाती नसला तरी ही वही असते, आणि परीक्षकाला बरेचदा तिच्यातूनच तुमचं काम दिसतं. मायकेलसन आणि मॉर्ले या शास्त्रज्ञांनी १८८७ मध्ये ईथरचा, म्हणजे प्रकाश ज्यातून प्रवास करतो असं तेव्हा मानत त्या माध्यमाचा, शोध घेतला आणि तो सापडला नाही. सापडला नाही हेच त्यांनी छापलं. (उदाहरणं द्यायची नाहीत म्हणाले आणि पुन्हा दिलंच. सवय.) प्रश्न लहान घ्या. 'महाराष्ट्रातील बचत गट' हा विषय होत नाही, 'आमच्या आळीतल्या बारा बायका' हा होतो. आणि ग्रुपमध्ये एकटे राबत असाल तर पाचव्या आठवड्यात बोला, व्हायव्हाच्या आदल्या रात्री नको.

आईवडिलांना एकच विनंती. "किती मार्क मिळतील?" हे विचारायला परीक्षक आहेत. तुम्ही विचारा, "आज कोणाला भेटलीस?"

रेवतीच्या आईनं तेच विचारलं, आपसूक. शेवटच्या भेटीत रेवतीनं मला ते सांगितलं. चुलीपाशी बसून ती आईला निष्कर्ष वाचून दाखवत होती: गटातल्या बायका फायनान्सचंही घेतात. आई भाकरी थापता थापता म्हणाली, "घेतात की. मी नव्हतं घेतलं? तुझ्या ॲडमिशनला?"

रेवतीला हे ठाऊकच नव्हतं. तीन वर्षं त्या कर्जाचा हप्ता घरातून जात होता आणि ती दोन गावं पालथी घालून दुसऱ्यांच्या हप्त्यांची नोंद करत होती.

"आईचा फॉर्म नाही ना भरता येणार मॅडम? ती नमुन्यात नाही."

"नाही येणार."

"वाटलंच होतं," ती म्हणाली आणि पिशवीतून काळ्या बाइंडिंगची प्रत काढली. मी पहिली पानं उलटली. ऋणनिर्देशात प्राचार्य होते, गाइड होते, ग्रंथपाल होते, ४९ भगिनी होत्या. सगळ्यात खाली एक ओळ: 'आईचे ऋण – गटाचे आणि फायनान्सचे, दोन्ही.'