इंट्रानेटवर नुसत्या शुभेच्छा, काम मात्र व्हॉट्सअ‍ॅपवर

प्रश्न : नमस्कार ताई, मी चाकणला एका ऑटो पार्ट्सच्या कंपनीत क्वालिटीला आहे. आमच्या इंट्रानेटवर, म्हणजे कंपनीच्या आतल्या साइटवर, मायक्रोसॉफ्टचं व्हिवा एंगेज चालू करून दिलंय, फेसबुकसारखं पोस्ट, लाइक, कमेंट सगळं आहे. पण तिथे फक्त हॅपी बर्थडे आणि अवॉर्डचे फोटो पडतात, खरं काम व्हॉट्सअ‍ॅपवर चालतं आणि महिन्याभरानं काही शोधायला गेलं तर सापडत नाही. आता मॅनेजर म्हणतात टीमला इंट्रानेटवर आण. कसं आणू? लाइनवरच्या पोरांना तर कंपनीचा मेल आयडीही नाही.

उत्तर : सगळ्यांना एकदम आणायच्या मागे लागू नका, आधी एकच काम तिथे न्या, आणि ते म्हणजे प्रश्न विचारणं. 'आजपासून सगळं इंट्रानेटवर' असं फर्मान काढलं की चार दिवस उत्साह असतो, मग येरे माझ्या मागल्या.

व्हिवा एंगेजमध्ये पोस्ट टाकताना प्रश्न हा वेगळा प्रकार निवडता येतो आणि आलेल्या उत्तरांपैकी बरोबर कुठलं त्यावर बेस्ट आन्सरची खूण करता येते, माझ्या मते तुमच्या कामाचं फीचर हेच. समजा सेकंड शिफ्टला हाउसिंगच्या बोअरमध्ये, म्हणजे पार्टच्या आतल्या भोकात, पोरोसिटी (धातूतली बारीक छिद्रं) दिसली. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पडतो, आठ-दहा जण अंगठा दाखवतात, कुणीतरी फोनाफोनी करून मिटवतं आणि नेमकं काय केलं ते कुठेच राहत नाही. तेच इथे टाका, पार्ट नंबर, मशीन, बॅच, फोटो, आणि खाली कास्टिंग सप्लायर बघणाऱ्याला नावानिशी मेन्शन करा, कारण 'सर्वांनी बघावे' म्हटलं की कुणीच बघत नाही. पार्ट नंबरचा हॅशटॅग लावा, पण सगळ्यांनी एकाच पद्धतीनं लिहिलेला. मग पुन्हा तसंच रिजेक्शन आलं की सर्चमध्ये जुनं उत्तर सापडतं, अगदी काल जॉइन झालेल्या मुलालाही.

आता मॅनेजरबद्दल. ते स्वतः व्हॉट्सअ‍ॅपवरच उत्तरं देत राहिले तर कुणीही हलणार नाही, साहेब जिथे बोलतात तिथेच लोक बोलतात. त्यांना सरळ सांगा की सर, रोज दहा मिनिटं तिथे उत्तरं द्या आणि ग्रुपवर कुणी विचारलं तर फक्त त्या पोस्टची लिंक टाका. लोक लिहीत नाहीत ते आळसानं नाही हो, बहुतेकदा भीती असते, की आपला प्रश्न वरपर्यंत सगळ्यांना दिसेल आणि एवढंही येत नाही का म्हणतील. म्हणून सुरुवातीचे प्रश्न सीनियर लोकांनी विचारावेत, साध्या मराठीत विचारले तरी चालतं, आणि कुणी काही चुकीचं लिहिलं तर सगळ्यांसमोर झापू नये. एकदा कुणाला झापलं की बाकीचे पण गप्प बसतात.

लाइनवरच्या मुलांसाठी आयटीला फ्रंटलाइन लायसनबद्दल, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या लाइनवरच्या कामगारांसाठीच्या लायसनबद्दल विचारा, मेलबॉक्स न देताही लॉगिन देता येतं. तोपर्यंत शिफ्ट सुपरवायझरनं त्यांच्या वतीनं टाकावं, पण उत्तर कुणी शोधलं त्या मुलाचं नाव पोस्टमध्ये आलंच पाहिजे, याबाबतीत मी आग्रही आहे.

व्हॉट्सअ‍ॅप बंद करायला जाऊ नका, मशीन बंद पडलं तर फोनच करायचा. कस्टमरची ड्रॉइंग मात्र तिथून आजच बंद करा, नोकरी सोडणाऱ्याच्या फोनमधून ती बाहेर जातात.

आणि एक, चर्चा व्हिवा एंगेजवर करा पण फायनल झालेली एसओपी, म्हणजे कामाची ठरलेली लेखी पद्धत, शेअरपॉइंटच्या (मायक्रोसॉफ्टची फाइल ठेवायची सोय) लायब्ररीतच ठेवा, पोस्टमध्ये नुसती लिंक द्या. अशा सोयी बदलत राहतात, व्हिवा एंगेज म्हणजे 2008चं यामर, मायक्रोसॉफ्टनं 2012 मध्ये घेतलं आणि 2023 मध्ये नाव बदललं. फेसबुकनं ऑफिसांसाठी 2016 मध्ये आणलेलं वर्कप्लेस तर बंद करणार असं कंपनीनं 2024 मध्ये जाहीर केलं, मग ते वापरणाऱ्यांना सगळं दुसरीकडे हलवणं आलंच.